ध्वनी कोणासाठी?

अमेरिकी मोटारींच्या जगात गेली काही वर्षे चाललेल्या एका वादाकडे साहित्याच्या अभ्यासकांनी लक्ष द्यावे, असे सुचवले तर ते प्रथमदर्शनी विक्षिप्त वाटेल. वाद आहे पेट्रोलवर धावणाऱ्या ‘मसल कार’ आणि विजेवर धावणाऱ्या अतिवेगवान मोटारी यांच्यातला. पण हा वाद ज्या शब्दांत घातला जातो, ते शब्द पाहावेत : अस्सल आणि नक्कल, परंपरा आणि द्रोह, आत्मा आणि सांगाडा, अनुभूती आणि तंत्र. हे सगळे शब्द समीक्षेच्या घरचे आहेत. मराठी समीक्षेतही ‘अस्सल’ हा शब्द कित्येकदा युक्तिवादाच्या जागी आणून बसवला जातो, आणि तो एकदा उच्चारला की पुढे काही सिद्ध करण्याची गरज उरत नाही. शब्द आपले असतील, तर त्यांचा गैरवापर कोठे होतो आहे हे पाहणेही आपलेच काम आहे.

प्रथम वादाची हकीकत. डिसेंबर २०२३ मध्ये डॉज कंपनीच्या चॅलेंजर आणि चार्जर या व्ही-एट इंजिनाच्या मोटारींचे उत्पादन थांबले. (अमेरिकी पौरुषाची ही प्रतीके कॅनडातल्या ब्रॅम्प्टन गावी तयार होत असत, हा तपशील मिथकांच्या अभ्यासकांनी नोंदवून ठेवावा.) त्याआधी ऑगस्ट २०२२ मध्येच कंपनीने विजेवर चालणाऱ्या ‘चार्जर डेटोना’चा नमुना जगासमोर ठेवला होता. त्या मोटारीत इंजिन नव्हते, म्हणून धूर नव्हता. परंतु एक्झॉस्ट मात्र होता. ‘फ्रॅटझॉनिक चेंबर्ड एक्झॉस्ट’ असे नाव दिलेली ही यंत्रणा गुरगुराट निर्माण करते आणि तो बाहेर सोडते. हा आवाज १२६ डेसिबलपर्यंत जातो, म्हणजे आपल्याच ‘हेलकॅट’ या दणदणीत पेट्रोल मोटारीइतका, असे कंपनीने अभिमानाने सांगितले.

यावर दोन पक्ष पडले. पेट्रोलवाद्यांनी हा परंपरेचा अपमान मानला : आठ सिलिंडरांच्या स्फोटांतून जन्मणारा नाद ध्वनिक्षेपकातून निघू लागला तर उरले काय? वीजवाद्यांनी आकडे पुढे केले. २०२१ साली टेस्लाने ‘मॉडेल एस प्लॅड’ विक्रीस आणली ती १,०२० अश्वशक्तीची. ताशी ६० मैलांचा वेग ती १.९९ सेकंदांत घेते असा कंपनीचा दावा होता. विजेची मोटर पहिल्या क्षणापासून जवळजवळ पूर्ण पीळ देते, गिअर बदलण्याची खोळंबणी नसते; मग खोकत-गर्जत धावणाऱ्या जुन्या यंत्राचे कौतुक कशासाठी, असा त्यांचा सवाल.

माझे म्हणणे असे आहे की हे दोन्ही पक्ष एकाच चुकीच्या जागी बसून भांडत आहेत. ती जागा म्हणजे चालकाचे आसन. मोटारीचा रसिक कोण, तर जो तिचे सुकाणू धरतो तो, हे दोघांनीही निमूटपणे गृहीत धरले आहे. त्याला काय वाटते, त्याच्या पाठीला धक्का किती बसतो, त्याच्या कानाला काय सुखावते, एवढीच त्यांची मीमांसा. पण मोटारीचा आवाज ज्यांच्या कानी पडतो त्यांतले बहुसंख्य लोक मोटारीच्या बाहेर असतात. त्यांना या वादात कोणी साक्षीलाही बोलावलेले नाही.

पण आधी ‘अस्सल’ या शब्दाचा निकाल लावू.

मसल कारचा आरंभ बहुतेक इतिहासकार १९६४ च्या पॉन्टिॲक जीटीओपाशी मानतात. जनरल मोटर्सचा तेव्हा नियम होता की मध्यम आकाराच्या मोटारीत ३३० घनइंचांपेक्षा मोठे इंजिन घालायचे नाही. जॉन डिलोरियन आणि पॉन्टिॲकमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी या नियमातून पळवाट काढली : ३८९ घनइंचांचे इंजिन त्यांनी स्वतंत्र मोटार म्हणून न देता ‘टेम्पेस्ट’ या साध्या मोटारीवरचा ऐच्छिक जोड म्हणून दिले. नाव उचलले ते फेरारीचे. ‘ग्रान तुरिस्मो ओमोलोगातो’ म्हणजे शर्यतीसाठी मान्यताप्राप्त. पॉन्टिॲकला अशी कोणतीही मान्यता नव्हती. मार्च १९६४ च्या अंकात ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाने या दोन जीटीओंची तुलना छापली आणि पॉन्टिॲकचे नाव देशभर झाले. प्रत्यक्षात त्या दोन मोटारी समोरासमोर धावल्याच नव्हत्या. इतकेच नव्हे, तर चाचणीसाठी दिलेल्या पॉन्टिॲकमध्ये ३८९ ऐवजी ४२१ घनइंचांचे मोठे इंजिन गुपचूप बसवले होते, हे तिचे प्रचारप्रमुख जिम वँगर्स यांनी पुढे आपल्या आठवणींत स्वतःच सांगून टाकले.

म्हणजे ज्या मूळ संहितेची शुद्धता राखण्यासाठी पेट्रोलवादी कंबर कसून उभे आहेत, तिचे पहिले पानच प्रक्षिप्त आहे. उसने नाव, न झालेली शर्यत आणि बदललेले इंजिन. कृत्रिम आवाजाचा विटाळ मानणाऱ्यांनी १९६८ ची प्लिमथ रोडरनरही आठवावी. वॉर्नर ब्रदर्सच्या व्यंगपटातल्या पक्ष्याचे नाव प्लिमथने पैसे मोजून घेतले आणि त्या पक्ष्याच्या ‘बीप बीप’सारखा वाजणारा हॉर्न मुद्दाम घडवून मोटारीत बसवला. व्यंगचित्राची नक्कल करणारा हॉर्न ज्या परंपरेत लाडका ठरतो, तिने नकलेविरुद्ध सोवळे नेसावे हे नवलच. पुढे खुद्द पेट्रोलवरच्या मोटारीही कृत्रिम नादाला वश झाल्या. २०१५ च्या फोर्ड मस्टँगमधल्या चार सिलिंडरांच्या इंजिनाचा आवाज आतल्या ध्वनिक्षेपकांतून फुगवून ऐकवला जात होता.

आकड्यांचीही तीच गत. १९७२ च्या आधी अमेरिकी कंपन्या इंजिनाची शक्ती सांगत ती इंजिन मोटारीबाहेर काढून, त्याच्यावरचे नेहमीचे ओझे उतरवून मोजलेली. १९७० च्या शेव्हरले शेव्हेलच्या ४५० अश्वशक्ती अशाच मोजमापातल्या. आणि वीजवाद्यांचे १.९९ सेकंद? त्या मोजमापात मोटार जागेवरून हलल्यानंतरचे पहिले फूटभर अंतर हिशेबातच धरलेले नाही. दोन्ही पक्षांचे आकडे असत्य नव्हेत. पण ते संकेत आहेत, आणि संकेत विसरून आकडा मिरवणे ही अलंकारशास्त्रातली फार जुनी खोड आहे. अतिशयोक्तीला अतिशयोक्ती म्हणून ओळखले तर ती अलंकार असते, वस्तुस्थिती मानली की ती थाप होते.

इतके म्हटल्यावर पेट्रोलवाद्यांच्या पदरात एक माप घातलेच पाहिजे. त्यांच्या आवडत्या नादाला कारण होते. अमेरिकी व्ही-एटमधल्या क्रँकशाफ्टच्या कड्या एकमेकींशी काटकोनात असतात. त्यामुळे आठ स्फोट एकूण पाहता समान अंतराने होत असले, तरी एकेका बाजूच्या चार सिलिंडरांतून धुराचे झोत विषम अंतराने बाहेर पडतात. तो ठेचकाळत येणारा, लडखडता गुरगुराट या विषमतेतून येतो. कोणी बसून त्याची चाल बांधलेली नाही.

येथे आनंदवर्धनाचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. नवव्या शतकात काश्मिरात त्याने ‘ध्वन्यालोक’ लिहिला तेव्हा ‘ध्वनी’ हा शब्द व्याकरणकारांकडून घेऊन काव्यातल्या सूचित अर्थाला लावला. अभिनवगुप्ताने घंटेच्या अनुरणनाचा दृष्टान्त दिला : टोला पडून जातो आणि मागे नाद घुमत राहतो. अनुरणनाला घंटा लागते आणि टोलाही लागतो. व्ही-एटचा नाद या अर्थाने अनुरणन होता. वाच्यार्थ जळत्या पेट्रोलाचा होता, आणि त्यातून शक्ती, तारुण्य, स्वस्तात विकत घेता येणारे स्वातंत्र्य असे काही सूचित होत होते. कारखान्यात काम करणाऱ्या पोरालाही हप्त्यांवर परवडेल असा वेग, हे या मोटारींचे मूळ आश्वासन होते आणि ते क्षुद्र नव्हते. डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर रात्री सिग्नलपासून सिग्नलपर्यंत लावल्या जाणाऱ्या शर्यतींचे आकर्षण त्यातच होते.

याच आनंदवर्धनाने चित्रकाव्याला काव्याच्या मुख्य प्रदेशाबाहेर ठेवले. ते काव्य नव्हे, काव्याचे अनुकरण आहे, असा त्याचा निर्वाळा. शब्दांची कारागिरी आहे, पण तिच्यातून काही सूचित व्हावे असा हेतूच नाही. चार्जर डेटोनाचा एक्झॉस्ट हे शुद्ध चित्रकाव्य आहे. त्याचे नावसुद्धा पाहा. ‘फ्रॅटझॉग’ हे १९६० च्या दशकातल्या डॉजच्या त्रिकोणी चिन्हाचे नाव, आणि तो शब्द मुळात निरर्थक, कोणा आरेखकाने सहज रचलेला. निरर्थक शब्दावरून बेतलेले नाव, नसलेल्या स्फोटांच्या आवाजाला. चिन्हमीमांसेच्या वर्गात याहून सोपे उदाहरण मिळणार नाही.

पेट्रोलकडे परतण्यानेही चिन्हाची ही भटकंती थांबलेली नाही. २०२४ मध्ये डॉजने नव्या चार्जरची पेट्रोलवर चालणारी आवृत्ती जाहीर केली, तिचे नाव ‘सिक्सपॅक’. १९६९ साली डॉजने ‘सिक्स पॅक’ म्हटले तेव्हा आठ सिलिंडरांच्या प्रचंड इंजिनावर बसवलेल्या तीन कार्ब्युरेटरांची सहा तोंडे अभिप्रेत होती. आज त्या नावामागे सहा सिलिंडरांचे, दोन टर्बोचार्जर जोडलेले इंजिन आहे. शब्द राहिला, अर्थ निघून गेला, आणि परंपरा टिकल्याचे समाधान मात्र सर्वांना मिळाले.

यावर वीजपक्षातला एखादा चतुर वाचक विचारील : कृत्रिमतेला इतके नाक मुरडायचे, तर वृत्त तरी कोठे नैसर्गिक आहे? ह्युंदाईने २०२३ मध्ये ‘आयोनिक ५ एन’ आणली. तिच्यात गिअरपेटी नाही, तरी आठ गिअर असल्याचा आभास ती निर्माण करते, गिअर बदलताना बसावा तसा हिसका देते, मोटरची ओढ क्षणभर मुद्दाम तोडते. वेग कमी करून अनुभव वाढवणारे हे बंधन शार्दूलविक्रीडितासारखेच नव्हे काय?

आक्षेप चांगला आहे, आणि अर्धा मान्य करण्यासारखा आहे. स्वतःवर घालून घेतलेल्या बंधनात रमणे हा खेळ आहे आणि खेळाला तक्रार कसली? चालक आणि यंत्र यांच्यातला हा करार मोटारीच्या दारांच्या आत राहतो तोवर त्याला जाब विचारण्याचा अधिकार मला नाही. बीएमडब्ल्यूने आपल्या विजेच्या मोटारींच्या नादासाठी हान्स झिमर या चित्रपट-संगीतकाराला गाठले, तेही मला आक्षेपार्ह वाटत नाही. ज्याला आवडेल त्याने काचा लावून ऐकावे. प्रश्न सुरू होतो तो आवाज दाराबाहेर पडल्यावर.

आता त्या लोकांकडे वळू, ज्यांना कोणी विचारले नाही.

विजेची मोटार हळू चालताना जवळजवळ मूक असते. ही तिची शोभा म्हणून मिरवली जात होती तेव्हा अमेरिकेतल्या अंध नागरिकांच्या संघटनेने, नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंडने, एक साधी गोष्ट सांगितली : आम्ही रस्ता कानांनी ओलांडतो. गाडी ऐकू आली नाही, तर आमच्यासाठी ती नसते, आणि मग एकदम असते. त्यांच्या पाठपुराव्यातून ‘पादचारी सुरक्षा’ कायदा संमत झाला आणि जानेवारी २०११ मध्ये त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. २०१६ मध्ये नियम निश्चित झाला : ताशी सुमारे ३० किलोमीटरपर्यंतच्या वेगात अशा वाहनाने ऐकू येईल असा इशारावजा आवाज केलाच पाहिजे. युरोपात अशा आवाजाची सक्ती २०१९ पासून नव्या बनावटीच्या आणि २०२१ पासून सर्व नव्या विजेच्या मोटारींना लागू झाली.

हाही आवाज कृत्रिमच आहे. ध्वनिक्षेपकातूनच येतो. अस्सल-नक्कल या मापाने मोजला तर तो चार्जर डेटोनाच्या गुरगुराटापेक्षा तसूभरही अस्सल नाही. तरीही या दोन आवाजांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि ते अंतर दिसण्यासाठी ‘खरे की खोटे’ हा प्रश्न सोडून ‘कोणासाठी’ हा प्रश्न विचारावा लागतो. इशाऱ्याच्या आवाजाला श्रोता आहे. तो पांढरी काठी घेऊन पदपथाच्या कडेला थांबलेल्या माणसाला उद्देशून बोलतो : मी येथे आहे, या दिशेने येतो आहे, जपा. गुरगुराटाला श्रोता नाही, केवळ ऐकणारे आहेत. ते स्वगत आहे. मात्र रंगमंचावरचे स्वगत ऐकायला प्रेक्षक तिकीट काढून येतात, येथे ते सबंध गल्लीच्या कानांत कोंबले जाते. शत्रू नाही, युद्ध नाही, उत्साह हा स्थायीभाव नाही, आहे ती केवळ वीराची आरोळी. अनौचित्यातून उपजणाऱ्या या प्रकाराला आपल्या शास्त्रात रसाभास म्हणतात. पुण्या-मुंबईत सायलेन्सर बदलून रात्री अकरा वाजता फटफटी उडवणाऱ्या बुलेटस्वारांचे शेजारी या रसाभासाचे लक्षण पाठ म्हणून दाखवतील.

ही तुलना माझ्या सोयीसाठी रचलेली नाही. घटनांनीच ती रचून ठेवली आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत टेस्लाला आपल्या साडेपाच लाखांहून अधिक मोटारींत दुरुस्ती करावी लागली. कारण ‘बूमबॉक्स’ नावाची त्यांतली सोय चालकाला बाहेरच्या ध्वनिक्षेपकातून हवे ते आवाज वाजवू देत असे आणि त्या गमतीखाली पादचाऱ्यांसाठीचा इशारा झाकला जाण्याचा धोका होता. २०२५ मध्ये तर आठ हजारांहून अधिक चार्जर डेटोना मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलावल्या गेल्या. दोष कोणता? तर पादचाऱ्यांना सावध करणारा बाहेरचा आवाज त्यांतून कदाचित येतच नव्हता. गर्जनेची जाहिरात करत बाजारात उतरलेली मोटार, आणि जो आवाज खरोखर कोणाच्या कामी येणारा होता नेमका तोच गहाळ. यावर भाष्य करण्याची गरज नाही.

‘कोणासाठी’ हा प्रश्न एकदा हाती आला की तो केवळ आवाजापुरता राहत नाही. जुन्या इंजिनांतला दाब पेलण्यासाठी पेट्रोलात शिसे मिसळलेले असे. ते शिसे धुरातून रस्त्याकाठच्या मुलांच्या रक्तात जात होते. १९७१ साली जनरल मोटर्सने कमी शिशाच्या पेट्रोलासाठी इंजिनांतला दाब उतरवला, तेव्हा सुवर्णयुग संपल्याचे दुःख झाले, ते आजही केले जाते. अमेरिकेच्या रस्त्यांवरच्या वाहनांसाठी शिशाचे पेट्रोल पूर्णपणे बंद व्हायला १९९६ उजाडले. ज्या ‘आत्म्या’साठी आज गळा काढला जातो, त्याचे भाडे कोण भरत होते याचा उल्लेख स्मरणरंजनात नसतो.

वीजपक्षाने यावर टाळ्या पिटण्याचे कारण नाही. १९६४ ची जीटीओ सुमारे १,६०० किलो वजनाची होती. विजेची चार्जर डेटोना अडीच टनांहून अधिक भरते. जीएमसीची विजेवर चालणारी हमर चार टनांच्या पुढे जाते आणि तरीही सुमारे तीन सेकंदांत ताशी ६० मैलांचा वेग घेऊ शकते. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या अध्यक्षा जेनिफर होमेंडी यांनी याच हमरचे उदाहरण देऊन वाढत्या वजनाबद्दल जाहीर चिंता व्यक्त केली होती. त्या देशात २००९ साली ४,१०९ पादचारी वाहनांखाली मेले. २०२२ मध्ये तो आकडा साडेसात हजारांच्या पुढे गेला. या मृत्यूंचे खापर मी विजेच्या मोटारींवर फोडत नाही. उंच, अवजड वाहने, अंधारे रस्ते, पदपथांचा अभाव अशी त्याची कारणे बहुतांशी आधीची आहेत. माझा मुद्दा इतकाच की अशा रस्त्यावर कोणालाही, कोणतीही विशेष तयारी नसताना, अडीच टनांचे धूड डोळे मिटून उघडेपर्यंत भिरकावण्याची सोय विकत मिळावी, याला प्रगती म्हणण्याआधी रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्याला विचारले पाहिजे. धूर नाही एवढ्यावर पुण्य पदरी पडत नाही. सर्वसाधारण विजेची मोटार आयुष्यभराच्या हिशेबात पेट्रोलपेक्षा हवेला कमी नासवते, हे खरे. पण ते श्रेय त्या साध्या, नेमस्त मोटारीचे आहे. तिच्या नावावर हजार अश्वशक्तींनी उधारी का करावी?

सौंदर्यशास्त्रज्ञ मित्र येथे म्हणतील की ही कलेची चर्चा नव्हे, नीतीची आहे, आणि कलेला नीतीच्या दावणीला बांधणे हा मराठीत पुरेसा जुना झालेला अपराध आहे. त्यांना माझे उत्तर असे : कविता वाचायची की नाही हे वाचक ठरवतो, पुस्तक मिटण्याचे स्वातंत्र्य त्याच्या हातात असते, आणि कलेची स्वायत्तता त्या स्वातंत्र्यावरच उभी असते. कान मिटता येत नाहीत. रस्ता मिटता येत नाही. ज्या आविष्काराला नकार देण्याची सोयच समोरच्याला ठेवलेली नाही, त्याने कलेच्या स्वायत्ततेचा आसरा मागू नये.

तेव्हा पेट्रोल की वीज, अस्सल की नक्कल, या दोन पर्यायांतून निवड करण्यास मी नकार देतो. १९६४ ची जीटीओ संग्रहालयात जावी, तिच्यावर ग्रंथ लिहिले जावेत, वर्षातून एकदा मैदानावर तिचे इंजिन चालू करून ज्यांना ऐकायचे आहे त्यांना ते लडखडते अनुरणन जरूर ऐकवावे. ते ऐकण्यासारखे आहे. विजेच्या मोटारीने तिची कातडी पांघरू नये. तिचा स्वतःचा आवाज ठरायचा आहे आणि तो ठरवण्याची संधी पिढ्यान्‌पिढ्या मिळत नसते. यापूर्वी मोटारीचा आवाज स्फोटांतून आपोआप ठरला. या खेपेस तो माणसांना ठरवायचा आहे, म्हणून जबाबदारीही माणसांची आहे. तो ठरवताना चालकाला काय आवडते हे शेवटी विचारावे. आधी विचारावे ते त्याला, जो रस्ता ओलांडण्यासाठी कान देऊन उभा आहे.